आदिवासींचा ओळख आणि हक्कांचा लढा : जिनिव्हा ते ग्रामसभा

दरवर्षी ९ ऑगस्टला आपण जागतिक आदिवासी दिनाच्या शुभेच्छा देतो. पण हीच तारीख का, हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणून या लढ्याचा इतिहास आम्ही थोडक्यात मांडत आहोत.

राष्ट्रसंघाचे बंद दार
१९२३ मध्ये हॉडेनोसौनी लोकांचे प्रमुख देस्काहे हे कॅनडा सरकारविरुद्ध दाद मागण्यासाठी जिनिव्हाला राष्ट्रसंघाकडे गेले. आपल्या लोकांचे स्वशासन टिकावे, ही त्यांची मागणी होती. त्यांना सभेपुढे बोलूच दिले गेले नाही. माओरी नेते टी. डब्ल्यू. राताना १८४० च्या वाइटांगी कराराचा भंग झाल्याची तक्रार घेऊन युरोपात गेले, पण त्यांचीही दखल घेतली गेली नाही.

सामावून घेण्यापासून स्वनिर्णयापर्यंत
१९५७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने करार क्र. १०७ केला. आदिवासींना इतर समाजात सामावून घ्यावे, हा त्याचा रोख होता. भारताने तो १९५८ मध्ये स्वीकारला. १९८९ च्या करार क्र. १६९ ने ही भूमिका बदलून आदिवासींची वेगळी ओळख व जमिनीचे हक्क मान्य केले. हा करार मात्र भारताने स्वीकारलेला नाही.

९ ऑगस्ट १९८२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक झाली. त्या स्मरणार्थ १९९४ मध्ये हा दिन जाहीर झाला. १३ सप्टेंबर २००७ रोजी आदिवासी हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. विरोधातले चार देश होते अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. पुढे चौघांनीही पाठिंबा दिला. भारताने बाजूने मत दिले, पण स्वातंत्र्याच्या वेळची देशातील सारी जनता व तिचे वंशज मूलनिवासीच आहेत, अशी भूमिका घेतली. सगळेच मूलनिवासी ठरले, तर आदिवासींच्या वेगळ्या हक्काला जागा कुठे उरते?

भारतातील लढा
संविधान सभेत जयपाल सिंह मुंडा यांनी ‘आदिवासी’ याच शब्दाचा आग्रह धरला. संविधानात ‘अनुसूचित जमाती’ हा शब्द आला. कलम २४४ अन्वये पाचवी व सहावी अनुसूची मिळाली. त्यानंतर १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला बळ दिले.

त्याचा परिणाम दिसतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू स्वतः विकला. २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरीच्या बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली.

कायदा कागदावर असून भागत नाही. गावाला तो माहीत असावा लागतो, दावा दाखल करावा लागतो, ठराव लिहावा लागतो. आदिवासी गावांशी संपर्क असलेल्या तरुणांनी येत्या ९ ऑगस्टला शुभेच्छांच्या फलकासोबत वनहक्क कायद्याची एक मराठी प्रतही गावात न्यावी, असे आम्हाला वाटते.