शय्यामूत्र : शिक्षा नको, गजर हवा

पाच वर्षे पूर्ण झालेले मूल रात्री झोपेत वारंवार अंथरूण ओले करीत असेल, तर त्या अवस्थेला वैद्यकशास्त्रात 'नॉक्टर्नल एन्युरेसिस' म्हणतात. आयुर्वेदातील शार्ङ्गधरसंहितेत बालरोगांमध्ये तिचा 'शय्यामूत्र' असा उल्लेख आढळतो. पाचव्या वर्षी सुमारे १५ टक्के मुलांना हा त्रास असतो. त्यांपैकी साधारण १५ टक्के मुले दर वर्षी उपचारांविना बरी होतात; मात्र एक ते दोन टक्क्यांमध्ये तो पौगंडावस्थेच्या अखेरीपर्यंत टिकून राहतो. 'मोठेपणी आपोआप थांबेल' हा घरातील वडीलधाऱ्यांचा दिलासा म्हणूनच पूर्णपणे खोटा नसला, तरी पुरेसाही नाही. सहलीला किंवा मामाच्या गावी मुक्कामाला जाण्याचे टाळणाऱ्या मुलासाठी प्रतीक्षेची ती वर्षे फार मोठी असतात.

कारणे

शय्यामूत्र हा आळस नाही आणि हट्टही नाही. रात्री मूत्रनिर्मिती कमी राखणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचे प्रमाण पुरेसे न वाढणे, मूत्राशयाची साठवणक्षमता कमी असणे आणि मूत्राशय भरल्याची जाणीव झोपेतून जागे करण्यास अपुरी पडणे, ही तीन कारणे प्रामुख्याने आढळतात. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. आई व वडील दोघांनाही बालपणी हा त्रास असल्यास मुलात तो असण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के, तर एकालाच असल्यास सुमारे ४४ टक्के असते. रागावणे, मारणे अथवा भावंडांसमोर लाजवणे यांनी त्रास कमी होत नाही. मुलाचा आत्मविश्वास मात्र खचतो.

गजराचा शोध

ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ माइनहार्ड फॉन फाउंडलर यांनी १९०४ मध्ये एका उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. रुग्णालयातील मुलाने अंथरूण ओले केल्याचे परिचारिकांना तत्काळ कळावे, एवढाच त्याचा हेतू होता. परंतु काही काळाने मुलांचे अंथरूण ओले होणेच कमी झाल्याचे ध्यानात आले. पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत ओ. हॉबर्ट मॉवरर व विली मे मॉवरर या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने हीच कल्पना उपचारपद्धती म्हणून मांडली. भरलेल्या मूत्राशयाची जाणीव आणि घंटेचा आवाज यांची सांगड वारंवार बसली की शरीर कालांतराने घंटेविनाही प्रतिसाद देऊ लागते, असा त्यांचा सिद्धांत होता.

उपकरणाची रचना साधी आहे. अंतर्वस्त्राला लावलेल्या किंवा चादरीखालच्या चटईत बसवलेल्या संवेदकात दोन विद्युतवाहक असतात. लघवीतील क्षारांमुळे ओलावा विजेचा वाहक बनतो, मंडल पूर्ण होते आणि खांद्याजवळ लावलेला गजर वाजतो अथवा थरथरतो. बॅटरीवर चालत असल्याने विजेचा दाब अत्यल्प असतो व धक्क्याची भीती नसते.

वापर कसा करावा

या उपचारात मुलाइतकीच पालकांचीही कसोटी लागते. आरंभीच्या काही आठवड्यांत गजराने घरातील सारे जागे होतात, पण मूल गाढ झोपेतच राहते. त्या वेळी पालकांनी उठून त्याला पूर्णपणे जागे करणे आवश्यक असते. गजर मुलाने स्वतः बंद करावा, शौचालयात जाऊन उरलेली लघवी करावी, कपडे बदलावेत आणि संवेदक पुसून पुन्हा लावावा. अर्धवट झोपेत उचलून नेल्यास उपचाराचा हेतूच निष्फळ ठरतो. उकाड्याच्या दिवसांत घामानेही कधी कधी गजर वाजतो; सुती व अंगाबरोबर बसणारे अंतर्वस्त्र वापरल्यास हा त्रास कमी होतो. एकाच खोलीत सारे कुटुंब झोपत असल्यास घरच्यांना आधी विश्वासात घ्यावे.

रोजची नोंद दिनदर्शिकेवर ठेवावी. ओला डाग लहान होणे, गजर रात्री उशिरा वाजणे, मूल स्वतःहून उठणे ही सुधारणेची पहिली चिन्हे होत. चार आठवड्यांत अशी कोणतीच चिन्हे न दिसल्यास डॉक्टरांचा सल्ला घेऊन उपचारांचा पुनर्विचार करावा. सुधारणा असल्यास सलग १४ रात्री कोरड्या जाईपर्यंत वापर सुरू ठेवतात. त्यासाठी बहुधा दोन ते तीन महिने लागतात. बरी झालेली पुष्कळ मुले पुढे रात्री न उठता सकाळपर्यंत लघवी रोखू शकतात.

गजर की औषध?

गजर वापरणाऱ्या सुमारे दोनतृतीयांश मुलांचे अंथरूण उपचारकाळात कोरडे राहू लागते आणि जवळपास निम्म्या मुलांमध्ये हा लाभ उपचार थांबल्यावरही टिकतो. त्रास उलटल्यास गजर पुन्हा वापरता येतो. डेस्मोप्रेसिन या औषधाचा गुण लवकर येतो, पण ते थांबवल्यावर त्रास अनेकदा परततो. मुक्कामी शिबिरासारख्या प्रसंगी मात्र ते उपयुक्त ठरते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. ते घेताना रात्री पाणी मर्यादित न ठेवल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. याच कारणास्तव अमेरिकेत २००७ मध्ये या औषधाचा नाकातील फवारा शय्यामूत्रासाठी वापरण्याची मान्यता काढून घेण्यात आली.

आधी तपासणी

सहा महिने वा अधिक काळ कोरडे राहिल्यानंतर त्रास नव्याने सुरू झाला असेल, दिवसाही कपडे ओले होत असतील, लघवीला जळजळ, अतिशय तहान, वजन घटणे, मोठ्याने घोरणे किंवा पायांत अशक्तपणा असेल, तर प्रथम बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. बद्धकोष्ठतेवर आधी उपचार करावेत, कारण भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर पडतो. दिवसभर पुरेसे पाणी, सायंकाळी चहा-कोलाला फाटा आणि निजण्यापूर्वी लघवी ही पथ्ये सर्वांनाच लागू आहेत. शाबासकी द्यायची ती कोरड्या रात्रीपेक्षा गजर ऐकून उठण्याच्या प्रयत्नाला द्यावी. कारण मुलाच्या हाती असतो तो प्रयत्नच.