गोधडीवरील नाव

आगाशीचे नाव इतिहासग्रंथांत आले ते तेथील जहाजबांधणीमुळे व १५३० च्या सुमारास पोर्तुगीज आरमाराने केलेल्या लुटीमुळे. त्याच गावच्या घरांतून जुन्या लुगड्यांच्या थरांवर धावदोरा घालून ज्या गोधड्या शिवल्या गेल्या, त्यांची नोंद ठेवण्याचे कोणास कारण पडले नाही. लुगड्याच्या काठावरून कापडाचा काळ अंदाजाने सांगता येतो. शिवणारणीचे नाव घरच्या आठवणीत फार तर दोन पिढ्या टिकते.

कापडावर नाव घालण्याची कला महाराष्ट्रास अपरिचित होती असे मात्र नव्हे. गिरण्या आपल्या मालावर छाप मारीत. परीट बिब्ब्याच्या रसाने गिऱ्हाइकाच्या कपड्यावर खूण करी. चुन्याच्या योगाने ती काळी व पक्की होई. (तिच्यामुळे अंगावर फोड येत, हा भाग वेगळा.) परंतु छाप गिरणीचा आणि खूण मालकाची. शिवणारणीस दोहोंतही स्थान नव्हते.

याउलट, बंगालमध्ये गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी जमविलेल्या कांथांत मानदासुंदरी नामक स्त्रीची एक कांथा आहे. ती आपण वडिलांसाठी शिवली असे तिने सुईनेच लिहून ठेविले आहे. कांथा आणि गोधडी यांची जात एकच, जुन्या वस्त्रांची. परंतु त्या चार अक्षरांमुळे एक वस्तू कारागिराचे लेखी साधन ठरते आणि दुसरी केवळ नमुना म्हणून उरते. अमेरिकेत १८४० नंतर रजयांवर शाईने सह्या करण्याची प्रथा बोकाळली. तेथे लोहयुक्त शाईने कापड खाल्ल्याची उदाहरणे आहेत, म्हणजे नावानेच नाव नष्ट केले.

अलीकडे गोधडीच्या पाठीमागे कोपऱ्यात सुती पट्टी शिवून तीवर नाव, गाव व साल भरण्याची रीत सुरू झाली आहे. ती स्वागतार्ह होय. तथापि नाव कोणते, हा प्रश्न सोपा नाही. आपल्याकडे विवाहानंतर आडनाव आणि पुष्कळदा पाळण्यातले नावही बदले. तेव्हा सासरच्या एकाच नावाने भरलेली पट्टी माहेरी शिकलेल्या टाक्याचा माग पुसून टाकते. दोन्ही नावे घालणेच इष्ट. गोधडी दोघी-तिघींनी मिळून भरली असल्यास सर्वांची नावे हवीत. विक्रीच्या गोधडीवर तर बहुधा दुकानाचेच नाव झळकते, आणि गिरणीच्या छापाचा न्याय पुन्हा लागू होतो.

पट्टी केवळ कडेने टाचून भागत नाही; ती उसवते. थरांतून आरपार टाके घेतल्यास ती गोधडीबरोबरच झिजते. जीर्ण गोधडी नव्या गोधडीच्या पोटात घालण्याचा प्रघात आहे. त्या वेळी जुनी पट्टी काढू नये. वर नवी लावावी व तीवर आतल्या गोधडीचे सालही लिहावे.