सिडनीतील मूलनिवासी मार्गदर्शित सांस्कृतिक सहली : इतिहासकथनाच्या अधिकाराचा अभ्यास

प्रस्तावना :

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराची ओळख जगाला ऑपेरा हाऊस व हार्बर ब्रिज या वास्तूंमुळे आहे. गेल्या काही दशकांत या शहरात मूलनिवासी समाजाच्या मार्गदर्शकांनी चालविलेल्या पदयात्रा, नौकाफेऱ्या व उद्यानफेऱ्या सुरू झाल्या. वरवर पाहता हा पर्यटन व्यवसायाचा एक प्रकार आहे. परंतु मूलनिवासींचे दर्शन घडविणारे पर्यटन सिडनीत शतकाहून अधिक काळ चालत आलेले आहे. बदल झाला तो कथनाच्या अधिकारात. हा अधिकार कोणाकडून कोणाकडे व कसा गेला, याचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

२६ जानेवारी १७८८ रोजी आर्थर फिलिप याच्या नेतृत्वाखाली ११ जहाजांच्या ब्रिटिश ताफ्याने ज्या खाडीत वसाहत स्थापिली, तिला तेथील गॅडिगल लोक ‘वॉरेन’ म्हणत. ब्रिटिशांनी तिचे नाव ‘सिडनी कोव्ह’ असे ठेवले. पुढच्याच वर्षी, १७८९ मध्ये, देवीच्या साथीने परिसरातील मूलनिवासींचा फार मोठा संहार झाला. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या साठलेले शिंपल्यांचे ढीग जाळून वसाहतीच्या बांधकामासाठी चुना करण्यात आला. मूलनिवासींच्या दीर्घ वास्तव्याचा भौतिक पुरावा अशा रीतीने वसाहतीच्याच भिंतींत मिसळून गेला.

ज्या भूशिरावर १९७३ मध्ये ऑपेरा हाऊसचे उद्घाटन झाले, त्याला ‘बेनेलाँग पॉइंट’ म्हणतात. नोव्हेंबर १७८९ मध्ये फिलिपच्या आज्ञेने पकडण्यात आलेला व पुढे दोन्ही समाजांतील दुवा ठरलेला बेनेलाँग याच्यासाठी १७९० मध्ये येथे झोपडी बांधण्यात आली होती. शहराच्या नकाशावर अशी नावे उरली. परंतु त्यांमागील माणसे सार्वजनिक इतिहासातून दीर्घकाळ दूर राहिली.

प्रदर्शनाची वस्तू म्हणून मूलनिवासी :

बॉटनी बेच्या उत्तर किनाऱ्यावरील ला पेरूज येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मूलनिवासींची वस्ती होती. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे ट्राम पोहोचली आणि सुटीच्या दिवशी शहरवासीयांची गर्दी होऊ लागली. मूलनिवासी स्त्रिया शिंपल्यांनी मढविलेल्या शोभेच्या वस्तू विकत, तर पुरुष बूमरँग तयार करून विकत व ते फेकून दाखवीत. येथे स्वावलंबन व कौशल्य निश्चितच होते. तथापि याच काळात १८८३ मध्ये स्थापन झालेल्या संरक्षण मंडळाचे या समाजाच्या जीवनावर नियंत्रण होते व १९०९ च्या कायद्याने ते अधिक कडक झाले. पाहुणा वस्तू विकत घेई, खेळ पाही. परंतु ज्या भूमीवर तो उभा असे तिचा इतिहास विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्याची त्या व्यवहारात सोय नव्हती.

या विसंगतीचे टोक २६ जानेवारी १९३८ रोजी दिसून आले. वसाहतीच्या दीडशेव्या वर्धापनदिनी फिलिपच्या आगमनाचा देखावा सादर करण्यात आला. त्यात भाग घेण्यास सिडनीतील मूलनिवासींनी नकार दिला, तेव्हा राज्याच्या पश्चिम भागातील सरकारी वसाहतींतून मूलनिवासी पुरुष आणून त्यांना त्यात उभे करण्यात आले. त्याच दिवशी एलिझाबेथ स्ट्रीटवरील ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन व विल्यम कूपर या नेत्यांच्या पुढाकाराने ‘शोकदिन’ परिषद भरली व समान नागरिकत्वाची मागणी करण्यात आली. एकाच शहरात, एकाच दिवशी, एका ठिकाणी मूलनिवासींना ठरवून दिलेली भूमिका वठवावी लागत होती, तर दुसऱ्या ठिकाणी ते स्वतःची भूमिका मांडत होते.

कथनाच्या अधिकाराकडे वाटचाल :

१९६७ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी मूलनिवासींसंबंधीच्या घटनादुरुस्तीस अनुकूल कौल दिला. १९७० च्या दशकारंभी सिडनीतील रेडफर्न भागात मूलनिवासींची स्वतःची कायदा साहाय्य व वैद्यकीय सेवा उभी राहिली. १९९२ च्या माबो निवाड्याने ही भूमी निर्मनुष्य वा अस्वामिक होती, हा समज न्यायालयीन पातळीवर फेटाळला. संस्थाबांधणीच्या या परंपरेतूनच रेडफर्नमधील ‘ट्रायबल वॉरियर’ ही संस्था पुढे आली. सागरी प्रशिक्षणातून तरुणांना रोजगार आणि बंदरातील सांस्कृतिक नौकाफेऱ्या यांची तिने सांगड घातली. तिच्या ‘मारी नावी’ या नौकेचे नाव स्थानिक भाषेतील असून त्याचा अर्थ ‘मोठी होडी’ असा आहे.

रॉयल बोटॅनिक गार्डनमधील फेऱ्याही या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. १८१६ मध्ये स्थापन झालेले हे उद्यान वसाहतीच्या पहिल्या शेतीच्या जागेवर वसले आहे. १७९५ मध्ये याच परिसरात झालेल्या दीक्षाविधीचे वर्णन डेव्हिड कॉलिन्स या अधिकाऱ्याने नोंदविले आहे. म्हणजेच जी जागा वसाहतीच्या इतिहासात ‘पहिले शेत’ ठरते, तीच मूलनिवासींच्या इतिहासात विधिस्थान ठरते. मूलनिवासी मार्गदर्शक येथे वनस्पतींचे अन्न, औषध व अवजारे म्हणून असलेले उपयोग सांगतो, तेव्हा उद्यान हेच इतिहासाचे साधन बनते.

मर्यादा :

या कथनास मर्यादाही आहेत. भाषेची मोठी हानी झाल्याने तिच्या पुनरुज्जीवनासाठी वसाहतकालीन नोंदींचाच आधार घ्यावा लागतो. विल्यम डॉस या अधिकाऱ्याने पॅटिगरँग या तरुणीकडून भाषा शिकताना १७९०-९१ मध्ये केलेल्या टिपणवह्या आज लंडनमध्ये आहेत. तथापि त्या वह्यांतील शब्द मूळचे पॅटिगरँगचे आहेत, हेही विसरता येत नाही.

दुसरी मर्यादा बाजारपेठेची आहे. बेनेलाँगची पत्नी बॅरंगारू हिचे नाव बंदरालगतच्या सुमारे २२ हेक्टरच्या पुनर्विकसित भागास देण्यात आले. तेथे २०१५ मध्ये उद्यान खुले झाले आणि लगतच कॅसिनोचा मनोराही उभा राहिला. नाव परत मिळणे व जागेवरील अधिकार परत मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. मूलनिवासींना संसदेपुढे मत मांडणारी घटनात्मक संस्था देण्याचा प्रस्ताव १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के मतांनी फेटाळला गेला. पाहुणा म्हणून ऐकून घेणे आणि नागरिक म्हणून अधिकार मान्य करणे यांतील अंतर त्यावरून लक्षात येते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, सिडनीतील मूलनिवासी मार्गदर्शित सहली या ला पेरूजच्या उपजीविकेच्या आणि १९३८ च्या प्रतिकाराच्या अशा दोन्ही परंपरांच्या वारसदार आहेत. पहिलीतून त्यांनी अर्थार्जन घेतले, दुसरीतून स्वतःच्या शब्दांत बोलण्याचा आग्रह घेतला. लिखित साधनांत ज्यांचा आवाज इतरांनी नोंदविला, त्यांच्या इतिहासासाठी स्थळ, स्थलनाम व मौखिक परंपरा यांचे मोल किती आहे, हे या सहली दाखवून देतात. मात्र त्यांचे यश पर्यटकांच्या संख्येवरून ठरविता येणार नाही. सहलीचे स्वामित्व, तिच्यातील कथन व तिचे उत्पन्न हे तिन्ही समाजाच्या हाती किती राहते, हाच त्यांच्या मूल्यमापनाचा खरा निकष होय.