खोल पाण्याचे वैद्यक : पाणबुडी आणि पाणबुडे

पालघर, खास प्रतिनिधी

सातपाटी, केळवे, तारापूर या किनाऱ्यावरील वाचकांना समुद्र परका नाही. मात्र त्याच समुद्राच्या पोटात उतरून आपले पोट भरणाऱ्यांची दखल बहुधा अपघात घडल्यावरच घेतली जाते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात भरकटलेला ‘गाल कन्स्ट्रक्टर’ हा बार्ज पालघरजवळ वडराईच्या किनाऱ्यालगत अडकला आणि त्यावरील १३७ जणांची सुटका झाली, तेव्हा तेलक्षेत्रासाठी किती माणसे समुद्रात राबतात याची चर्चा चार दिवस झाली. पाण्याखाली राबणारे त्या चर्चेतही आले नाहीत.

मराठीत पाणबुडी आणि पाणबुड्या हे दोन शब्द सख्खी भावंडे वाटतात. वैद्यकशास्त्राला मात्र त्यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो. पाणबुडीतील नौसैनिक कितीही खोल गेला तरी पोलादी कवचाच्या आत साधारण जमिनीवरच्याच हवेच्या दाबात राहतो. त्याचा शत्रू म्हणजे बंदिस्त हवा. पाणबुड्याला असे कवच नसते. दर १० मीटर खोलीला एक वातावरण याप्रमाणे वाढणारा दाब तो थेट अंगावर घेतो.

चेंबरमध्ये अडकलेले सहा जण

हा दाब म्हणजे काय, याचे दाहक उदाहरण आपल्याच समुद्रात आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरील बॉम्बे हाय येथे २७ जुलै २००५ रोजी ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज उत्तर विभागातील फलाटाच्या वायुवाहिनीवर आदळले आणि आग भडकली. एका जखमी कर्मचाऱ्याला उपचारासाठी फलाटावर हलवण्याचा प्रयत्न सुरू होता. आदल्या दिवशीच्या महापावसानंतरचे ते खराब हवामान होते. २२ जणांचा बळी गेला. फलाट अवघ्या काही तासांत नष्ट झाला. जहाजावरील माणसे जीव वाचवण्यासाठी बाहेर पडली, पण सहा पाणबुडे जहाजावरील दाबाच्या चेंबरमध्येच राहिले. सुमारे ३६ तासांनी त्यांची सुटका झाली.

त्यांना दार उघडून पळता का आले नाही? कारण ते ‘सॅच्युरेशन’ पद्धतीने काम करत होते. या पद्धतीत पाणबुडे अनेक दिवस समुद्रतळाइतक्याच दाबाच्या चेंबरमध्ये राहतात, हेलियम-ऑक्सिजनच्या मिश्रणावर श्वास घेतात आणि घंटेच्या आकाराच्या कुपीतून कामावर ये-जा करतात. काम संपल्यावर दाब हळूहळू उतरवावा लागतो. ढोबळ हिशेब असा, की दर ३० मीटर खोलीमागे एक दिवस आणि वर आणखी एक दिवस. दार अचानक उघडले तर काय होते, ते उत्तर समुद्रातील ‘बायफर्ड डॉल्फिन’ या तेलफलाटावर नोव्हेंबर १९८३ मध्ये जगाने पाहिले. नऊ वातावरणांचा दाब क्षणार्धात एकवर आला आणि पाच जण ठार झाले.

हाल्डेन पिता-पुत्र

दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाई केली तर सोड्याची बाटली उघडल्यावर यावेत तसे बुडबुडे उतींमध्ये होतात. सांधे ठणकतात, मज्जारज्जूला इजा झाल्यास पाय लुळे पडतात. पुलांच्या पायासाठी दाबयुक्त हवेच्या पेटीत खोदकाम करणाऱ्या मजुरांमध्ये हा आजार प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसला. पॉल बर्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये नायट्रोजनचे कारण दाखवून दिले. ब्रिटिश नौदलासाठी जॉन स्कॉट हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग केले आणि १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते प्रसिद्ध केले. आजचे तक्ते आणि पाणबुड्यांच्या मनगटावरचे संगणक त्याच विचाराचे वारस आहेत.

त्यांचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन भारतीयांना अधिक परिचित. १९५७ मध्ये ते भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. जून १९३९ मध्ये ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ जणांचा अंत झाला, तेव्हा त्यांनी स्वतःला आणि सहकाऱ्यांना बंद पेटीत कोंडून घेतले आणि साचलेल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम अनुभवला. पुढे दाबाखालील ऑक्सिजनच्या प्रयोगात झटके येऊन त्यांच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली. पाणबुडी आणि पाणबुडे, दोघांच्याही वैद्यकाला असे हात लावणारे घराणे दुसरे क्वचितच असेल.

बंद हवेतले दिवस

मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो. अमेरिकी अणुपाणबुड्यांतील नोंदींत त्याची सरासरी ०.३५ टक्क्यांच्या आसपास आढळली आहे. एवढ्याने कोणी दगावत नाही. पण शोषक यंत्रणा बंद पडून प्रमाण पाच टक्क्यांकडे गेले की धाप आणि डोकेदुखी सुरू होते, त्याच्या दुप्पट झाल्यास शुद्ध हरपते. डिझेल-विद्युत पाणबुड्यांत बॅटऱ्यांतून निघणाऱ्या हायड्रोजनची भर पडते. हवेत तो चार टक्के झाला की स्फोटाला ठिणगी पुरते. आगीच्या धुराइतके मात्र भयंकर दुसरे काही नाही, कारण पळायला जागा नसते. ‘सिंधुरत्न’ या पाणबुडीत २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईनजीकच्या समुद्रात आग लागली. दोन अधिकारी मृत्युमुखी पडले, तर सात जणांना धुरामुळे रुग्णालयात हलवावे लागले.

याखेरीज ऊन नाही म्हणून ‘ड’ जीवनसत्त्व घटते आणि दिवस-रात्र नाही म्हणून झोप बिघडते. अमेरिकी पाणबुड्यांत अनेक दशके १८ तासांचा ‘दिवस’ चाले. झोपेवरील संशोधनानंतर गेल्या दशकात तो २४ तासांवर आणला गेला.

या विषयाचे भारतातील प्रमुख केंद्र मुंबईतच आहे. कुलाब्याच्या ‘आयएनएचएस अश्विनी’ या नौदल रुग्णालयाशी संलग्न ‘इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन’मध्ये नौदलाच्या डॉक्टरांना सागरी वैद्यकाचे शिक्षण दिले जाते. बुडालेल्या पाणबुडीतून माणसे काढण्यासाठीचे खोल समुद्रातील बचावयान १२ डिसेंबर २०१८ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाले. ६५० मीटर खोलीपर्यंत जाऊन एका वेळी १४ जणांना ते आणू शकते. अशी माणसे वर येतात तेव्हा पाणबुडीतील नौसैनिक आणि पाणबुडे हा भेद संपतो. पाणी शिरलेल्या पाणबुडीत दाब वाढलेला असेल, तर त्यांनाही चेंबरमध्येच सावकाश ‘उतरवावे’ लागते.

हाडे बोलतात

या संशोधनाचे फळ सर्वांच्या पदरात सारखे पडलेले नाही, हे हाडांच्या क्ष-किरण तपासणीतून दिसते. वारंवार दाबाखाली काम केल्यास मांडीच्या व दंडाच्या हाडाचे टोक रक्तपुरवठ्याअभावी मरते. हे वर्षानुवर्षे कळत नाही. कळते तेव्हा खुब्याचा सांधा गेलेला असतो. जपानमध्ये १९७० च्या दशकात शिंपले काढणाऱ्या पाणबुड्यांची तपासणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत हा विकार सापडला. तक्ते पाळणाऱ्या नौदलांच्या पाणबुड्यांत मात्र तो काही टक्क्यांपुरताच आढळला. दोघांच्या अंगावर दाब तोच होता. फरक पडला तो वर येण्याच्या वेळेमुळे आणि देखरेखीमुळे.

बोईसरच्या वाचकांना ही बाब चटकन उमजेल. तारापूर अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. किरणोत्सर्गाच्या क्षेत्रात काम करणाऱ्याच्या छातीवर मात्रामापक बिल्ला असतो. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० ही मर्यादा ठरलेली आहे, आणि प्रत्येकाची मात्रा आयुष्यभरासाठी नोंदली जाते. तेलक्षेत्रातील प्रशिक्षित पाणबुड्याकडे निदान नोंदवही असते. एखाद्या बोटीच्या पंख्यात अडकलेले जाळे सोडवायला किंवा जेट्टीखालचे काम करायला रोजंदारीवर उतरवलेल्या माणसाचे काय? तो किती खोल, किती वेळ, दिवसातून किती वेळा उतरला, हे त्याच्या खुब्याखेरीज कोठेही नोंदले जात नाही. हे काम करून घेणाऱ्याने एक साधी वही ठेवली तरी पुढे डॉक्टरांना दुवा मिळेल. यासाठी कोणत्या नव्या संशोधनाची वाट पाहण्याची गरज नाही.

लक्षणे आणि उपाय

तारकर्ली-मालवणला हौसेखातर स्कूबा करणाऱ्या मुंबई-ठाणेकरांची संख्या आता मोठी आहे. तेथील उथळ पाण्यात नायट्रोजनचा धोका अल्प असतो, परंतु दाबाखालची हवा फुप्फुसात कोंडून वर येणे एक-दोन मीटरवरूनही घातक ठरू शकते. म्हणून वर येताना श्वास कधीही रोखू नये. सर्दी झाली असल्यास उतरू नये. कानाचा पडदा फाटतो. एकाहून अधिक वेळा उतरल्यास त्यानंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा जाणकारांचा सल्ला आहे.

पाण्यातून बाहेर आल्यावर सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, पायांतील अशक्तपणा किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही जाणवल्यास ते थकव्यावर ढकलू नये. बहुतेक लक्षणे पहिल्या सहा तासांत दिसतात. रुग्णाला आडवे निजवून शुद्ध ऑक्सिजन सुरू करावा आणि पुन्हा दाब देणारे चेंबर असलेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा. रुढ उपचारात १८ मीटर खोलीइतक्या दाबाखाली ऑक्सिजन दिला जातो आणि त्यास जवळपास पाच तास लागतात. दुखणे कमी व्हावे म्हणून पुन्हा पाण्यात उतरण्याची काही पाणबुड्यांची सवय जिवावर बेतू शकते. आणि गावातल्या दवाखान्यात गेल्यास, डॉक्टरांनी विचारले नाही तरी, आपण त्या दिवशी पाण्याखाली होतो हे आधी सांगावे. एरवी हा आजार संधिवात किंवा अर्धांगवायू म्हणून खपून जातो.