न्यूयॉर्कचा नाताळ, काउंटरच्या पलीकडून

डिसेंबर लागला की फोनवर न्यूयॉर्कचे फोटो यायला लागतात. रॉकफेलर सेंटरचं झगमगतं झाड, त्याच्या पुढ्यात बर्फावर स्केटिंग करणारी माणसं, मोठ्या दुकानांच्या सजवलेल्या शोकेस. तुमच्याही नात्यातलं कुणीतरी तिथे उभं राहून हसत असेल. आज या फोटोंबद्दलच बोलू या. त्यात जे दिसतं त्याबद्दल, आणि जे दिसत नाही त्याबद्दलही.

माझ्या पीएच.डी.चा विषय सांगितला की लोक विचारतात, "दुकानांचा कसला आलाय इतिहास?" मी अभ्यासते तो दुकानातल्या वेळेचा इतिहास. दुकान किती वाजता बंद व्हायचं, आणि ते कोण ठरवायचं? याला घरचं कारण आहे. माझी आई पंधरा वर्षं कापडाच्या एका दुकानात काउंटरवर उभी राहिली. दिवाळीआधीचे आठ-दहा दिवस ती रात्री अकराला घरी यायची. नरकचतुर्दशीला पहाटे आम्हाला उटणं लावता लावता तिचे डोळे मिटायचे. न्यूयॉर्कची कागदपत्रं वाचताना मला ती पहाट आठवत राहते.

तर न्यूयॉर्क. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथला नाताळ असा गोजिरवाणा नव्हता. हिवाळ्यात बरीच कामं बंद पडायची, आणि सणाच्या दिवसांत रस्त्यावर दारू, ढोलताशे, दंगामस्ती चालायची. १८२३ मध्ये ट्रॉय गावच्या एका वर्तमानपत्रात सेंट निकोलसवरची एक कविता निनावी छापून आली. पुढे ती न्यूयॉर्कच्या क्लेमेंट क्लार्क मूर यांच्या नावाने गाजली. त्या कवितेतला सण रस्त्यावर नाही, घरात आहे, आणि भेटी मिळतात त्या मुलांना. एका कवितेनं शहर बदललं असं मी म्हणणार नाही. पण खाऊनपिऊन सुखी घरांना हवा होता तो नाताळ हाच. आता मुलांना भेटी द्यायच्या म्हटल्यावर त्या आणायच्या कुठून? बाजारातूनच ना!

इथे दुकानं गोष्टीत शिरतात. १८६७ मध्ये मेसीज हे दुकान नाताळच्या आदल्या रात्री बारापर्यंत उघडं राहिलं. १८७४ मध्ये त्याच दुकानाने खास नाताळसाठी बाहुल्यांची शोकेस सजवली. पाहायला पैसे पडत नव्हते. त्यामुळे खिशात काही नसलेल्या पोरालाही काचेला नाक लावून उभं राहता यायचं. मोठ्या शहरात नाताळची मजा घेणं म्हणजे आपण आज जे समजतो, त्याची बरीचशी सुरुवात इथली आहे. ही मजा खोटी होती असं अजिबात नाही. प्रश्न एवढाच, की काचेच्या आत कोण होतं?

आत होत्या बहुतेक तरुण मुली. दिवसभर उभं राहायचं, आणि नाताळच्या आधी रात्री उशिरापर्यंत थांबायचं, पुष्कळदा जादा वेळेचे पैसे न घेता. आणि ती खेळणी? १९१२ च्या सुमारास लुईस हाइन या छायाचित्रकाराने न्यूयॉर्कच्या चाळींमधले फोटो काढले. त्यात अंधाऱ्या खोल्यांत आया आणि लहान मुलं टेबलाभोवती बसून बाहुल्यांचे कपडे शिवताना दिसतात. बाहुल्या अर्थातच दुसऱ्यांच्या मुलांसाठी.

१८९१ मध्ये जोसेफिन शॉ लोवेल आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी ग्राहकांची एक संघटना काढली, कन्झ्युमर्स लीग. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक रात्री येतं म्हणून दुकान रात्री उघडं. मग गिऱ्हाइकानेच आपली सवय बदलली तर? त्यांनी 'चांगल्या दुकाना'च्या अटी ठरवल्या. अनुभवी कामगार बाईला आठवड्याला किमान ६ डॉलर, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ एवढंच काम, बसायला जागा. अटी पाळणाऱ्या दुकानांची 'व्हाइट लिस्ट' छापली. पहिल्या यादीत दुकानं किती भरली? सगळ्या न्यूयॉर्कमधून आठ!

आता माझा आवडता, म्हणजे खरं तर चीड आणणारा कागद. १८९६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला, की दुकानातल्या २१ वर्षांखालच्या मुलींना आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. वाचून बरं वाटतं. पण पुढे एक सूट आहे. १५ डिसेंबर ते १ जानेवारी ही मर्यादा लागू नाही. म्हणजे बघा, ज्या दोन आठवड्यांत संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज, नेमके तेच वगळले. मी ते कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत वर जाऊन तारखा तपासल्या होत्या.

लीगच्या फ्लॉरेन्स केली यांनी १९०३ मध्ये या हंगामावर कडक टीका केली, आणि 'खरेदी लवकर उरका' ही मोहीम जोर धरू लागली. आज 'अर्ली शॉपिंग' ही दुकानदारांची जाहिरात वाटते. तेव्हा त्यामागे दुकानातल्या मुलींना वेळेवर घरी जाऊ द्या, ही विनंती होती.

लीगचं कौतुक करताना एक गोष्ट लपवायला नको. दुकानात काम करणाऱ्यांना तिचं सभासद होता येत नव्हतं. नियमच होता तसा, मालक नको आणि नोकरही नको. कारण पक्षपात नको हे असेल, पण ज्यांच्या पायांबद्दल बोलणं चाललं होतं, त्याच दाराबाहेर राहिल्या.

आणि ते झाड? न्यूयॉर्कमध्ये सगळ्यांसाठी म्हणून उघड्यावर उभारलेलं पहिलं मोठं झाड १९१२ चं, मॅडिसन स्क्वेअर पार्कमधलं. ज्यांच्या घरी झाड नाही त्यांनाही पाहता यावं, हा हेतू. रॉकफेलर सेंटरचं पहिलं झाड मात्र कुठल्या कंपनीने लावलेलं नाही. २४ डिसेंबर १९३१, महामंदीचा काळ. तिथे बांधकाम करणाऱ्या मजुरांनीच २० फुटी झाड उभं केलं आणि कागदाच्या माळांनी सजवलं. त्या दिवसाचा फोटो उपलब्ध आहे. झाडाशेजारी मजूर पगारासाठी रांगेत उभे आहेत. अधिकृत झाड आणि दिव्यांचा समारंभ त्यानंतर दोन वर्षांनी, १९३३ मध्ये सुरू झाला.

मजा घेऊ नका, असं सांगायला हे लिहिलेलं नाही. मला स्वतःला ती रोषणाई एकदा तरी बघायचीय. फक्त पुढचा फोटो येईल तेव्हा तो १९३१ चा फोटोही शेजारी ठेवून बघा.

आणि एक विनंती. तुमच्या घरात कुणी दुकानाच्या काउंटरवर काम केलं असेल, तर सणाच्या दिवसांत ते किती वाजता घरी यायचे, हे त्यांना विचारून ठेवा. माझ्या आईला मी हे विचारलं ते पीएच.डी.ला प्रवेश घेतल्यावर. ती म्हणाली, "अकरा कसले गं, तू झोपलेली असायचीस म्हणून. बारा वाजायचे."