पानिपताआधी उदगीर

मुलांना इतिहास दाखवायचा म्हणजे रायगड नाहीतर वेरूळ, असे आपले नांदेड-लातूरचे पालकही ठरवून टाकतात. पानिपत मुलांना पाठ असते. त्याआधी वर्षभर आपल्याच मुलखात काय घडले, ते मात्र घरात कोणी सांगत नाही.

फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीर-औसा परिसरात सलाबतजंग आणि निजामअली या भावांच्या फौजेला कोंडीत धरले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांपुढे निजामशाही नमली. दौलताबाद, बुऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले. या यशामुळेच उत्तरेच्या मोहिमेसाठी भाऊंचे नाव पुढे झाले. आणि तोच गारदी १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर उभा होता!

तेव्हा पालकहो, सहल या क्रमाने आखा. पहिल्या दिवशी औशाचा किल्ला, रात्री उदगीरला मुक्काम, सकाळी ऊन चढण्याआधी तिथला किल्ला. खंदक मुलांना पावलांनी मोजू द्या. तोफांपुढे ही भिंत किती टिकली असती, हे त्यांनाच विचारा. उत्तर सांगण्याची घाई नको. वेळ उरला तर वाटेत कंधार बघा. नांदेडचा गुरुद्वारा मात्र यात कोंबू नका. गुरु गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये जिथे देह ठेवला, त्या जागेसाठी वेगळा रविवार काढा.