दूरध्वनीची तार आणि उपग्रह : बीड जिल्ह्यातील संगणकीय दळणवळणाचा आरंभ

युनिक्स प्रणालीवरील दळणवळण-आज्ञावलींचा इतिहास बहुधा प्रयोगशाळांपुरताच सांगितला जातो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत माइक लेस्क यांनी १९७० नंतरच्या दशकात ‘यूयूसीपी’ रचली व १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तीबरोबर तिचा प्रसार झाला. मोडेमकरवी दुसऱ्या यंत्राचा क्रमांक फिरवावा, साचलेली पत्रे व फाइली यांची देवघेव करावी आणि संबंध तोडावा, असे तिचे कार्य होते. ‘सीयू’ या सोबतच्या आज्ञावलीने दूरच्या यंत्रावर प्रत्यक्ष काम करता येई. दोन यंत्रे व एक तार एवढ्यावर हा व्यवहार चाले. मध्यवर्ती केंद्राची त्यास आवश्यकता नसे.

महाराष्ट्रात ही पद्धती प्रथम मुंबईत रुजली. १९८६ साली आरंभ झालेल्या अर्नेट प्रकल्पात जुहूचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी व पवईची आयआयटी यांच्यामधील आरंभीचा पत्रव्यवहार दूरध्वनीच्या तारेवरूनच झाला. एकाच शहरातील ही तार होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

बीडची स्थिती निराळी होती. तेथून मुंबईशी संबंध जोडणे म्हणजे ट्रंकमार्गाचा, अंतरानुसार वाढणारा आकार सोसणे होय. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे इंटरनेट-सेवा खुली केली, तेव्हाही हे अंतर मिटले नाही. तार तुटली की अर्धी आलेली फाइल व्यर्थ जाई. तुटलेल्या जागेपासून पुढे नेणाऱ्या ‘झेडमोडेम’चे (१९८६) महत्त्व अशाच ठिकाणी कळते.

शासकीय व्यवहाराने मात्र तारेस वळसा घातला. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘निकनेट’ उभारून जिल्ह्यांची मुख्यालये उपग्रहाद्वारे जोडण्यास आरंभ केला. या जाळ्याची रचना ताराकृती असून मुख्य भूस्थानक दिल्लीस होते. त्यामुळे बीडहून शेजारच्या औरंगाबादेस जावयाचा संदेशही दिल्लीमार्गेच जाई.

यूयूसीपीने समानांस परस्परांशी जोडले. निकनेटने दूरस्थांस केंद्राशी जोडले. बीडला दुसरा मार्ग आधी लाभला, याचे कारण आज्ञावलीच्या गुणावगुणांत नसून तारेच्या अंतरात व दरात आहे. म्हणून मराठवाड्यातील संगणकाचा इतिहास लिहिताना यंत्र केव्हा आले एवढेच न पाहता ते कोणाशी, कोणाच्या मार्फत व किती खर्चाने बोलू शकत होते, हेही तपासणे अगत्याचे ठरते.